आधी कोकरू, मग लेक

माझी लेक सहा महिन्यांची झाली त्या उन्हाळ्यात मला पोहायचं होतं. बाकी काही नको होतं. सोनं नको, साडी नको, माहेरी नेऊन सोडा असंही म्हणणं नव्हतं. घरासमोरचा उतार संपला की भीमा होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून गप्प पडलेलं असायचं, आणि मी अंगणात दोरीवर पोरीचे लंगोट वाळत घालत उभी. दिवसातून दहा वेळा. प्रत्येक वेळी तोंड पाण्याकडेच.

मी शिरूरची. घोडनदीत पोहायला शिकले. वडिलांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पाण्यात ढकललं तेव्हा मी दुसरीत होते. चौथीत डबा सुटला. सातवीत मी तीन मुलांना नदी पार करून हरवलं, आणि ही गोष्ट मी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितली. आईनं मागून चिमटा काढला तरी पूर्ण सांगितली. पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ मात्र सरसावून बसले. तेच माझे सासरे झाले. त्यांचं तरुणपण मेंढरं घेऊन नद्या ओलांडण्यात गेलेलं होतं. पोहणारी सून मिळतेय म्हणून त्यांनी होकार दिला असं मी अजूनही सांगते. ते म्हणायचे, चहा बरा झाला होता म्हणून.

अशी मी दौंडकडच्या नदीकाठच्या या गावात आले. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं आणि सासूबाईंना आत्याबाई. त्यांची भटकंती कधीच संपली होती, थोडी शेती होती, सवय सुटत नाही म्हणून सहा मेंढ्या दारात होत्या. नवरा शिक्रापूरला कंपनीत. तिथं खोली घेऊन राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. लग्नानंतर वर्षभर मी काष्टा घालून नदीत मनसोक्त पोहले. मग दिवस गेले, मग बाळंतपण, मग शेकशेगडी, डोक्याला बांध, कानाला बांध, खिडकी लावून घ्या. सव्वा वर्ष माझा पाय नदीला लागला नव्हता. मी चिडचिडी झाले होते, हे कबूल करते. भाकरीवर चिडायचे, दोरीवर चिडायचे, कोंबडीवर सुद्धा.

पोर आत्याबाईंकडे देऊन जावं, तर ते जमायचं नाही. मी नजरेआड झाले की ती निळी होईपर्यंत रडायची. एकदा मी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेले, तर तिचं रडणं दुकानापर्यंत आलं आणि दुकानदारानंच मला साबण न देता परत पाठवलं. म्हणजे पोहायचं तर तिला घेऊनच.

हे बोलून दाखवलं तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "पाणी वलांडायचं आसतं. त्यात ऱ्हायचं नसतं." विषय संपला. त्यांचा विषय असाच संपायचा.

माझा संपला नाही. गोठ्याच्या आढ्याला मामंजींची एक जुनी जाळी टांगलेली होती. मेंढरांबरोबर फिरताना नुकती जन्मलेली कोकरं चालू शकत नाहीत. अशा जाळीत घालून ती घोड्यावर लादायची, चार माना बाहेर आणि पाय आत. ती जाळी बघत मी पोरीला पाजत बसले होते आणि एकदम डोक्यात उजेड पडला. घोड्याच्या जागी मी. कोकराच्या जागी लेक. छातीशी झोळी, दोन्ही हात मोकळे, आणि खाली पाणी.

शिवणाची मला भीती नव्हती. शिरूरला आमच्या शेजारी एक चाची राहायच्या. त्यांच्याकडे नगर रस्त्यावरच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायला यायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्या मशीनपाशी. दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा, कोपऱ्याला चामड्याचा तुकडा, हे सगळं मी परकर-पोलक्याच्या वयात शिकले होते. लग्नात मला पायमशीन आलं होतं. ताडपत्रीचा एक तुकडा घरात होताच. तीन दुपारी मी मशीनवर बसले, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. एक पाय मशीनला, एक पाय पाळण्याला. त्या गडबडीत पाळणा मशीनच्या वेगानं हलायला लागला की पोर खदखदून हसायची. झोळी अशी झाली की मी स्वतःच तिच्याकडे बघत राहिले. टाका मोजून घ्यावा असा.

मामंजींनी ती उलटून पालटून बघितली आणि मान डोलावली. आत्याबाईंनी हातही लावला नाही. पण त्यांनी अट घातली, आणि अट घातली म्हणजे दार थोडं उघडलं हे मला कळलं. आधी वरवंटा. बारशाला पोरीच्या आधी वरवंट्यालाच कुंची घालून पाळण्यात निजवलं होतं, तर पाण्यातही पहिला मान त्याचाच.

म्हणून एका सकाळी मी गळ्यात ताडपत्रीची झोळी आणि झोळीत कुंची घातलेला वरवंटा घेऊन उतारावरून निघाले. मागे पोरीला कडेवर घेऊन आत्याबाई, त्यांच्यामागे काठी टेकत मामंजी. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे तसेच हातात धरून आमच्याकडे बघितलं. एकीनं बाळाचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलं.

पाणी मांड्यांपर्यंत आलं तोवर ठीक होतं. कमरेच्या वर आलं तसं झोळीच्या काठावरून आत शिरलं, आणि आत शिरलं ते आतच राहिलं. चाचींची दुहेरी शिवण होती ती. थेंब बाहेर जाईना. मी परत फिरले तर गळ्यात भरलेला हंडा. मान खाली, पाठ वाकडी. पाणी ओतावं म्हणून आणखी वाकले, आणि पाण्याबरोबर वरवंटाही गेला. डुबुक असा आवाज झाला, कुंची तेवढी वर तरंगत राहिली.

बायका हसून हसून खाली बसल्या. मी पण हसत होते, पायानं चिखल चाचपत होते. वरवंटा सापडला. तो वर धरून मी काठाकडे वळले, तर आत्याबाई हसत नव्हत्या. त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "पोर आसती म्हंजी?"

माझं हसू जागच्या जागी गेलं. त्या दिवशीची चटणी मी मुकाट्यानं वाटली.

पुढच्या आठवड्यात माहेरी लग्न होतं. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत मांडीवर पोर आणि पिशवीत झोळी घेऊन मी शिरूरला गेले आणि लग्नघरी जायच्या आधी चाचींकडे. त्यांनी झोळी बघितली, मी सगळं सांगितलं, आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाल्या, "बेटा, पानी आत येऊ द्यायचं नाय, हे मी तुला शिकवलं. तुला पाहिजे ते पानी बाहेर घालवायचं. ते माझं काम नाय, मासे धरनाऱ्याचं हाय."

तेवढं ऐकलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. मग त्यांनी मला नीट सांगितलं. मच्छरदाणीचं नायलॉन दुहेरी घे. पट्टे नायलॉनचे करू नको, ओले झाले की गाठ घसरते. पट्टे सुती घे, सुताची गाठ भिजली की आवळते. पाठीवर फुली मार, सगळं ओझं मानेवर टाकू नको. आणि पाय बाहेर काढायला भोकं ठेव, त्यांचे काठ दुमडून घे, नाहीतर मांड्या काचतील. लग्नात मी अक्षता टाकत होते तेव्हाही मनात त्या भोकांचीच मापं चालू होती.

परत आले आणि कामाला लागले. मच्छरदाणी कोपऱ्यात फाटलेली होतीच. ती आणखी फाडली. नवऱ्यानं कंपनीत टाकून दिलेला पॅकिंगचा फोम आणला, साहेबांना विचारून. त्याची मी पोरीच्या मानेमागे आणि हनुवटीखाली येईल अशी गोल गिर्दी शिवली. राहिले पट्टे. घरात मऊ आणि दणकट सुती कापड एकच होतं, आत्याबाईंचं जुनं लुगडं. मागायचं धाडस होईना. मी दोन दिवस त्याच्याभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लुगडं घडी घालून मशीनवर ठेवलेलं होतं. आत्याबाई मेंढ्यांना पाला टाकत होत्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मशीन चालवताना मी मोठ्यानं गाणी म्हटली, आणि माझा आवाज चांगला नाही.

झोळी तयार झाली. मी कोनाड्यातून वरवंटा उचलला, तर आत्याबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "वरवंटा लाथा मारत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या खेपंला कोकरू घे."

मामंजींना हा विचार इतका पसंत पडला की त्यांनी लगेच काठी टाकली आणि दहा दिवसांचं एक पांढरं कोकरू उचलून आणलं. वजनाला जवळजवळ लेकीएवढंच, आणि लाथा मारण्यात तिच्या वरचढ. मी झोळी साबणाच्या पावडरीत धुऊन कडक वाळवली होती. कोकराचे मागचे पाय भोकांतून खाली काढले, पुढचे छातीशी घेतले, हनुवटी फोमच्या गिर्दीवर ठेवली आणि पट्ट्यांची फुली पाठीवर आवळली. धुणं धुणाऱ्या बायकांनी या वेळी नाव विचारलं नाही. त्या थेट काठावर, पोरीला घेऊन बसलेल्या आत्याबाईंच्या शेजारी, रांगेत येऊन बसल्या.

कोकरानं सुरुवातीला माझ्या पोटावर ढोल बडवला. पाणी त्याच्या पोटाला लागलं तसं ते गप्प झालं. पाणी जाळीतून आत आलं आणि जाळीतून निघून गेलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभी, छातीइतक्या पाण्यात उभी, आणि कोकरू मान वर ठेवून इकडेतिकडे बघतंय, बंधाऱ्याच्या पाहणीला आलेल्या साहेबासारखं. मी मागे रेलले. कान पाण्याखाली गेले, पाय आपोआप वर आले. सव्वा वर्षानंतर मला कुणीतरी खालून उचलून धरलं होतं. वर आभाळ, छातीवर कोकरू. ते "मॅ" म्हणालं आणि मला इतकं हसू आलं की नाकात पाणी गेलं.

मी जग जिंकून बाहेर आले. लाड करायचे म्हणून लेकीच्या टॉवेलनं कोकरू पुसलं. लेकीच्या ब्रशनं त्याची लोकर विंचरली. आणि मग, देवा, मी त्याला बाळाची पावडर लावली. मानेखाली, काखेत, पोटावर, जशी लेकीला लावायची तशी.

कोकराला त्याच्या आईपाशी सोडलं. ते शेपूट हलवत तिच्या पोटाशी गेलं. मेंढीनं वळून त्याला हुंगलं. परत हुंगलं. आणि डोक्यानं असा दणका दिला की कोकरू दावणीपाशी जाऊन पडलं.

मला वाटलं खेळतेय. कोकरू उठून परत गेलं, तिनं परत ढकललं. मामंजी जवळ आले, वाकून कोकरू हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी फक्त पावडर लावली का एवढंच विचारलं. मग सांगितलं, की मेंढी पोराला डोळ्यांनी ओळखत नाही. नाकानं ओळखते. मी तिच्या पोराचा वास धुऊन टाकला होता, आणि वर दुसऱ्याच घरचा लावला होता. आता तिच्या लेखी हे कोकरू तिचं नव्हतंच. पाजणारच नाही ती.

मी शहरवजा गावात वाढलेली. आमची जात मेंढरांची, पण माझे वडील कचेरीत. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. कोकरू ओरडत होतं, त्याची आई चार हात लांब उभी, आणि तोंड फिरवून पाला खात होती. भर उन्हाचं ते भुकेलं ओरडणं मला ऐकवेना. आणि मग माझ्या अंगाला ते ऐकू गेलं. पोर घरात शांत झोपलेली, तिनं चूं केलं नव्हतं, तरी मला पान्हा फुटला. पोलकं भिजलं, पदर भिजला. मी पदर आवरतेय तोच आत्याबाई ताक घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोकराकडे बघितलं, आणि हातातला तांब्या खाली ठेवून पहिल्यांदाच हसल्या. तोंडाला पदर लावून, गदगदा, खांदे हलवत. मी रडत होते आणि त्या हसत होत्या, आणि थोड्या वेळानं मलाही कळेना की मी दोहोंतलं काय करतेय.

मामंजींनी मेंढीचा पाय बांधला, तिचं दूध थोडं काढलं आणि ते कोकराच्या पाठीवर, शेपटाखाली, डोक्यावर चोळलं. त्यावर तिच्या पायाखालची ओली माती चोळली. माझ्या विंचरलेल्या कोकराचा अवतार बघवत नव्हता. मग त्याला हातानं धरून लुचायला लावलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून होतो. बोलता बोलता आत्याबाई म्हणाल्या, "माझा थोरला वीस दिसांचा व्हता तवा पाठीला बांधून ही भीमा वलांडली. पाणी हितवर." त्यांनी गळ्याला हात लावला. "मधी आल्यावर वाटलं, जरा पडावं ह्याच्यात. नुसतं पडून ऱ्हावं. पर मेंढरं म्होरं गेल्ती."

मला त्यांचा हात धरायचा होता, आणि धरला असता तर त्यांनी झटकला असता, म्हणून ताकाचा तांब्या धरला.

दिवस कलायला लागला तेव्हा मेंढीनं पुन्हा मान वळवली. कोकराच्या शेपटाखाली हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि घशातल्या घशात एक आवाज केला. मामंजींनी तिचा पाय सोडला. ती जागची हलली नाही. कोकरू ढुशा देऊन देऊन प्यायला लागलं. आत्याबाई उठल्या, गुडघे झटकले आणि जाता जाता म्हणाल्या की येत्या सुट्टीला पोरगा घरी असेल, तेव्हा नातीला न्यायचं. आणि पावडर घरी ठेवायची.

त्या सुट्टीला सगळं घर नदीवर. नवऱ्याला पोहता येत नाही, म्हणून त्यानं माझ्या कमरेला बैलाचं दावं बांधलं आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून काठावर पाय रोवून उभा राहिला. मी कितीही सांगितलं तरी सोडलं नाही. मामंजी वरून पाण्याची खोली सांगत होते. आत्याबाई, ज्यांनी पाणी फक्त ओलांडलं होतं, त्या लुगडं खोचून कमरेपर्यंत माझ्याबरोबर आत आल्या.

लेकीनं पाणी पायाला लागताच श्वास रोखला. तोंड उघडं, डोळे मोठे. मला वाटलं आता रडते. तिनं हात उचलून पाण्यावर एक चापट मारली. पाणी उडालं. ते आपण उडवलं हे तिच्या लक्षात आलं आणि मग काय विचारता. चापटांवर चापटा. आत्याबाईंचं तोंड भिजलं, माझं भिजलं, गिर्दीवरची तिची हनुवटी आनंदानं थरथरत होती. मी मागे रेलले आणि तिला छातीवर घेऊन तरंगले. काठावर दावं ताणलं गेलं, सैल झालं, ताणलं गेलं. माझ्या हृदयावर तिचं पोट, खाली सगळी भीमा, आणि मी इतकी सुखी होते की मला लाज वाटली.

बाहेर आल्यावर घोंगडीत गुंडाळली आणि पाजली, तर दोन मिनिटांत झोपली. सकाळपासूनच्या कारभारानं दमली होती. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला माझं दावं सोडायला सांगितलं. मी झोळीचे पट्टे सोडत होते. त्या म्हणाल्या, "पोर निजलीय तवर जा. एकली. पल्याड जाऊन ये."

मी दोनदा विचारलं नाही. काष्टा आवळला आणि सुटले. हात लांब टाकला की पाणी मागं जायचं आणि मी पुढं, इतकं सोपं, इतकं जुनं. पलीकडच्या काठाला हात लावला, परत फिरले, मध्यावर आले आणि थांबले. तिथं मी उताणी पडून राहिले. थोडा वेळ स्वतःसाठी, आणि थोडा वेळ आत्याबाईंच्या वाटणीचा.

परत आले तेव्हा लेक जागी झाली होती. केस सुटलेले, अंग गार, साबण नाही, दूध नाही, घरचा कसलाच वास अंगाला नाही, अशी मी तिच्यासमोर वाकले. तिनं माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. मी हात पुढे केले. ती आली नाही. उलट आजीच्या पदरात तोंड घातलं. मला त्या मेंढीची आठवण झाली. आत्याबाईंच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्या मला गप्प उभी राहा म्हणाल्या, वास घेऊ दे तिला.

मी उभी राहिले. केसांतून पाणी गळत होतं. लेकीनं एक डोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिनं हात लांब करून माझ्या गालावर एक चापट मारली, तशीच, पाण्यावर मारली होती तशी, आणि पाणी उडालं. ती खदखदून हसली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली.

"मेंढीपरीस श्यानी हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि ओली झोळी पिळून खांद्यावर टाकून उतार चढायला लागल्या.